रुकूचं माप

जळगावच्या पिंप्राळ्यात असलम मास्तरांकडे सदरा शिवायला टाकला की गिऱ्हाइकाला वाकावं लागायचं. मग तो कुणी का असेना. गळा, छाती, बाह्या मापून झाल्या की मास्तर टेप गळ्यात अडकवायचे आणि सांगायचे, "आता वाका. हात गुडघ्यांवर, पाठ सरळ." नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, म्हाताऱ्याचा स्क्रू ढिला झालाय. जुनं गिऱ्हाईक न सांगता वाकायचं आणि वाकल्या वाकल्याच विचारायचं, "ईदच्या आधी मिळेल ना, मास्तर?"

पारोळ्याकडचे निंबा नाना मुलाकडे राहायला आले आणि पहिल्यांदा दुकानाची पायरी चढले, तेव्हा चांगलेच भडकले होते.

"ओ मास्तर, मी कोठे नमाज पढस?"

"म्हैस तर दोहता ना, नाना?"

"दोहस ना!"

"मग वाका. येणाऱ्याजाणाऱ्याला तुमची उघडी पाठ कशाला दाखवायची?"

नाना पोट धरून हसले आणि वाकले. त्यानंतर त्यांच्या घरातला एकही सदरा दुसऱ्या दुकानात गेला नाही.

मास्तरांचं म्हणणं साधं होतं. उभ्या माणसाला कुठलाही सदरा शोभतो. रेडिमेडवाले बाहुलीला घालून दाखवतात, पण बाहुली कधी वाकली आहे का? कापडाची खरी परीक्षा रुकूत. नमाजात माणूस उभा राहतो, मग कमरेतून वाकून हात गुडघ्यांवर ठेवतो, तो रुकू. पाठ अशी सपाट हवी की पाण्याची वाटी ठेवली तरी थेंब सांडू नये. आणि नेमक्या त्या वेळी आखूड सदरा वर सरकतो, कंबर उघडी पडते, मागचा माणूस नजर चोरतो आणि पुढच्याचं लक्ष देवाऐवजी सदऱ्याच्या टोकाकडे जातं. म्हणून मास्तर पाठीला दोन बोटं कापड जास्त ठेवायचे आणि खांद्यापाशी कात्री अशी फिरवायचे की वाकलं तरी सदरा जागचा हलायचा नाही. "माणूस एकासमोर वाकतो," ते म्हणायचे, "तेव्हा त्याची अब्रू माझ्या शिलाईच्या हातात असते."

एकदा एका बड्या पुढाऱ्याने माप घ्यायला त्यांना बंगल्यावर बोलावलं. मास्तरांनी उलट निरोप धाडला, दुकान दिवसभर उघडंच असतं. शेवटी पुढारी स्वतः आले, आणि मुकाट वाकलेही. गल्लीत पुढे कित्येक दिवस चहाबरोबर हीच गोष्ट चघळली जात होती. हा माणूस मोडेल पण वाकणार नाही, असं लोक म्हणाले की मास्तर मान ताठ करून सांगायचे, "वाकतो की! रोज पाच वेळा वाकतो. तिथे वाकतो, म्हणून दुसरीकडे वाकायची वेळ येत नाही."

बोलायला हे झकास होतं. पण मास्तरांच्या स्वतःच्या रुकूत एक खोट होती, आणि ती त्यांच्या बायकोला, हसीनाबींना, पुरती ठाऊक होती. मशिदीत मास्तर कितीही लवकर पोचले तरी पहिल्या सफीत, म्हणजे पहिल्या रांगेत, उभे राहायचे नाहीत. त्यांची जागा दुसऱ्या रांगेत ठरलेली. रुकूत नजर आपल्या पायांवर ठेवायची असते. मास्तरांची नजर पुढच्या रांगेवरून फिरायची. ओळीने वाकलेल्या त्या पाठी, त्यातल्या अर्ध्या त्यांनी कापलेल्या, आणि एकही उघडी नाही! तोंडाने "सुबहान रब्बियल अजीम" चालू असायचं, महान आहे तो माझा पालनहार, आणि डोळे शोधायचे आपल्या हातची शिलाई.

"तुम्ही नमाजाला जाता की ट्रायल घ्यायला?" हसीनाबी विचारायच्या.

"हुनर त्यानेच दिलं," मास्तर म्हणायचे. "बघितलं तर काय बिघडलं?"

यंदाच्या थंडीत मास्तरांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपाला कळलं, मग कात्रीला. मास्तरांनी कुणाला सांगितलं नाही. थोरला मुलगा तौसिफ धुळ्यात दुकान चालवत होता, तेही रेडिमेड कपड्यांचं. म्हणजे बाहुलीवाला शत्रू घरातच निपजला होता. तो कधीचा म्हणत होता, बस झालं अब्बा, दुकान बंद करा.

राहिली शाझिया. ती दुकानातच वाढली होती. काज-बटण, हातशिलाई, बायकांचे ड्रेस, सगळं करायची, आणि तिचा टाका बापापेक्षा बारीक होता. तिला एकच हवं होतं, मर्दानी कपड्यांची कात्री. मास्तर ऐकून घ्यायचे आणि मान हलवायचे.

"अब्बा, मला का नाही जमणार?"

"शिलाई जमेल. पण रुकूचा सदरा बघून शिकावा लागतो, बेटा. मर्दांच्या सफीमागे तू कधी उभी राहणार? न बघता कळायचं कसं?"

शाझिया पुन्हा काजं करायला वळली.

रमजानातल्या एका जुम्याला, शुक्रवारच्या नमाजात, मास्तरांच्या बरोबर पुढे हुसेन तडवी गुरुजी उभे होते. यावलकडचे, शाळेत शिक्षक, शांत माणूस. अंगात नवा फिक्या निळ्या रंगाचा सदरा, मास्तरांनी आठवड्यापूर्वीच कापलेला. इमामसाहेबांबरोबर सगळे रुकूत गेले, आणि गुरुजींचा सदरा सरकन वर गेला. चांगली चार बोटं पाठ उघडी पडली. गुरुजींनी घाईघाईने एक हात मागे नेऊन सदरा ओढला.

मास्तरांना पुढची नमाज काही आठवत नव्हती. शेवटचा सलाम फिरवून नमाज संपली तसे गुरुजी मागे वळले आणि मास्तरांकडे बघून हसले. त्या हसण्यात राग असता तर बरं झालं असतं. सबंध पिंप्राळ्याच्या ज्या पाठी झाकल्याचा मास्तरांना अभिमान होता, त्यातलीच एक त्यांच्याच हाताने उघडी टाकली होती.

घरी येऊन त्यांनी टोपी खुंटीला लावली. "ईदनंतर दुकान बंद," ते म्हणाले. "तौसिफला फोन कर. म्हणावं, मशिनी घेऊन जा."

हसीनाबींनी त्यांच्या थरथरत्या हाताकडे बघितलं. त्यांना ते केव्हाच कळलेलं होतं. "आणि ईदचे कुर्ते? माप घेतलंय, कापड पडून आहे. लोकांना काय सांगणार?"

इथे मास्तर खरोखर अडले. दिलेला शब्द मोडायचा म्हणजे नाक कापून घेणं. आणि स्वतः कापायचे, तर ईदगाहवर सगळ्या जळगावसमोर पाठी उघड्या पडणार. मग हसीनाबींनीच तोड काढली. तौसिफच्या ओळखीचा धुळ्यात कुणी जीवराम म्हणून कारागीर आहे, त्याच्याकडे गठ्ठा पाठवू. मास्तरांनी मापं दिली, पाठीच्या दोन बोटांचं चार वेळा बजावून सांगितलं, आणि तौसिफ येऊन गठ्ठा घेऊन गेला. दुसऱ्याच्या हातचं आपल्या नावावर खपवायचं या विचाराने मास्तरांचा घास गोड लागेना. ते दुकानात बसून नुसत्या गुंड्या लावत. शाझिया घरी आईच्या जुन्या मशीनवर बायकांचे ईदचे ड्रेस शिवत होती, तेवढाच काय तो आवाज.

कुर्ते वेळेवर आले. मास्तरांनी उलटसुलट करून पाहिले. शिलाई स्वच्छ होती. पण कापड टेबलावर खोटं बोलतं, वाकल्यावर खरं बोलतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

ईदच्या सकाळी मास्तर ईदगाह मैदानावर नेहमीप्रमाणे दुसऱ्या रांगेत उभे राहिले. पुढे मोहल्लाच उभा होता, जवळजवळ सगळे त्या गठ्ठ्यातले कुर्ते घालून. तकबीर झाली. "अल्लाहु अकबर"च्या पुकाराबरोबर रांग वाकली. मास्तर वाकले आणि त्यांनी नजर वर नेली.

एक पाठ. दुसरी पाठ. तिसरी. पार टोकापर्यंत एकही कुर्ता हलला नव्हता! खांद्यापासून खाली कापड असं पडलं होतं की जणू अंगावरच विणलंय. लठ्ठ माणसाचं, सडपातळ पोराचं, पोक आलेल्या म्हाताऱ्याचं, सगळ्यांचं. मास्तरांना आनंद झाला, आणि मत्सरही झाला. हे त्यांच्यापेक्षा सरस होतं. त्यांनी ऐन बहरात कापलेल्या सदऱ्यांपेक्षाही सरस.

घरी शीरखुर्म्याची वाटी हातात घेतल्या घेतल्या ते तौसिफला म्हणाले, "त्या जीवरामला फोन लाव. मला त्याला सलाम करायचाय."

तौसिफला ठसकाच लागला. "जीवरामला? अब्बा, तो माझ्या दुकानात पँटीची लांबी कमी करतो. त्याला कुर्ता कापता येत नाही."

"मग कापले कुणी?"

तौसिफने आईकडे पाहिलं. हसीनाबींनी पदर सावरला. "गठ्ठा धुळ्याला गेलाच नाही. माझ्या पलंगाखाली होता."

दारात शाझिया बदामाची ताटली घेऊन उभी होती.

"माझी कात्री घेतलीस?" मास्तरांचा आवाज चढला.

"नाही अब्बा. तुमच्या कात्रीला हात नाही लावला. भाईने दुसरी आणून दिली."

मास्तरांना रागवायला काही हाताशी लागेना. मग उतरल्या आवाजात त्यांनी विचारलं, "पण तू कधी बघितलं नाहीस. मग तुला कळलं कसं?"

शाझियाने ताटली खाली ठेवली. "एकेक कुर्ता अंगात घातला आणि दार लावून वाकले. मला ते ढगळ व्हायचे, पण मापं तुमची समोर होती, तेवढा फरक धरता येतो. वाकलं की कापड कुठे ओढतंय, कुठे सैल सुटतंय, ते पाठीला आपोआप कळतं, अब्बा. डोळे मिटले तर जास्त कळतं." मग तिने अगदी सरळ मनाने विचारलं, "आणि रुकूत बघायचं कुठे असतं? नजर तर आपल्या पायांवर ठेवायची असते ना?"

तिला बिचारीला काय माहीत! हसीनाबी मात्र पटकन उठून पातेल्यात डाव फिरवायला लागल्या, तोंड दिसू नये म्हणून.

मास्तर वाटीकडे बघत राहिले. इतकी वर्षं त्यांनी रुकू मागून पाहिला होता, दुसऱ्यांच्या पाठीवर. महान तो, असं म्हणत दर वेळी स्वतःचंच कौतुक करून घेतलं होतं. वाकत होती ती कंबर, मान आतून ताठच होती. या पोरीने एकटीने, दार लावून, कुणी बघत नसताना वाकून जे ओळखलं, ते त्यांना भरल्या मशिदीत ओळखता आलं नव्हतं. त्यांना लाज वाटली. पण लाजेच्या पाठोपाठ असा अभिमान दाटून आला की डोळे भरले. ही माझी लेक, त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं, सगळ्या जळगावला, धुळ्याला, त्या बाहुल्यांनासुद्धा!

ते उठले, दुकानात गेले आणि आपली कात्री घेऊन आले. उस्तादांकडून मिळालेली, जड, मुठीपाशी झिजून गुळगुळीत झालेली. सदऱ्याच्या टोकाने त्यांनी ती पुसली आणि शाझियापुढे धरली. हात थरथरत होता. शाझियाने कात्री दोन्ही हातांनी घेतली.

"धार लावताना जपून," मास्तर म्हणाले. "माझी एक अट आहे. आधी मला एक कुर्ता शिव."

पुढच्या जुम्याला मास्तर पांढरा कोरा कुर्ता घालून मशिदीत शिरले आणि दुसरी रांग ओलांडून थेट पहिल्या रांगेत जाऊन उभे राहिले. जुनी मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. मास्तरांच्या पुढे आता कुणाचीच पाठ नव्हती, फक्त भिंत होती. मागे सगळी मशीद होती, आणि त्यांचा कुर्ता कसा बसलाय ते त्यांना सोडून सगळ्यांना दिसणार होतं.

तकबीर झाली. मास्तर वाकले. त्यांनी गुडघे घट्ट धरले आणि त्यांच्या ध्यानात आलं, उजवा हात थरथरत नव्हता. नजर खाली होती, आपल्या दोन म्हाताऱ्या पायांवर. सुबहान रब्बियल अजीम. कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांनी ते शब्द ऐकले. मोठा तो आहे. मी नाही, माझी कात्री नाही. आणि हे कळल्यावर त्यांना लहान झाल्यासारखं मुळीच वाटलं नाही. उलट खांद्यावरचं एक जुनं ओझं कुणी उतरवून घेतल्यासारखं वाटलं.

दुकानाच्या दारात शाझिया वाटच बघत होती. "अब्बा, कसा बसला? वर सरकला नाही ना?"

"मला काय माहीत?" मास्तर चपला काढत म्हणाले. "मी पुढे होतो. मागच्यांना विचार."

मागोमाग हुसेन गुरुजी आले. हातात कापड होतं. "मास्तर," ते म्हणाले, "आज मी बरोबर तुमच्या मागे होतो. नजर खाली ठेवायची असते, पण गेली वर, अल्लाह माफ करो. मला अगदी असाच कुर्ता हवा."

मास्तरांनी टेप उचलला, पण कापड घेतलं नाही. त्यांनी शाझियाकडे बोट केलं. "कापड त्यांच्याकडे द्या, गुरुजी. मी फक्त माप घेतो."

गुरुजी एकदा बापाकडे, एकदा लेकीकडे बघत राहिले आणि मग न सांगता, हात गुडघ्यांवर ठेवून वाकले. असलम मास्तरांनी त्यांच्या पाठीवर टेप लावला आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "लिहून घ्या, मास्तर!"

शाझियाने कानामागची पेन्सिल काढली.