रस्त्यापलीकडून निवडलेला फझ

मित्रांनो, पडल्या पडल्याच बोलतो, राग मानू नका. मी एक जुना फझ पेडल, आता फार दमलोय. तुम्ही म्हणाल, पत्र्याच्या डब्याला कसली आलीय दमणूक? पण ज्याचा जन्मच दुसऱ्याच्या पायाखाली जाण्यासाठी झाला, त्याला विचारून बघा.

माझं काम आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. इलेक्ट्रिक गिटार एकटी असली की बारीक, गोड बोलते. तिची वायर माझ्या अंगात खुपसतात आणि माझ्यातून दुसरी वायर स्पीकरकडे जाते. वादकाने माझ्या डोक्यावरचं बटण पायाने दाबलं की तोच गोड आवाज जाडाभरडा, खरखरीत होऊन बाहेर पडतो. काहींना तो आवडतो, काही कानात बोटं घालतात. मी दोघांचंही मनावर घेत नाही.

मला सुरतेच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याने हाताने बनवलं. मोडीत निघालेल्या रेडिओतले दोन जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर त्याने माझ्या पोटात बसवले आणि वरून लाल रंग मारला. हे ट्रान्झिस्टर जुन्या जमान्याचे, आवाजाने भरदार पण स्वभावाने भारी नाजूक. गारव्यात खुलतात, उकाड्यात रुसून बसतात. एका ऑर्केस्ट्रावाल्याने मला वर्षानुवर्षं राबवलं. गणपती म्हणू नका, नवरात्र म्हणू नका, रिसेप्शन म्हणू नका! पुढे ऑर्केस्ट्रा बंद पडला आणि मी इतर सामानासोबत शहाद्याला भीकमचंद शेठजींच्या दुकानात आलो.

शेठजींच्या दुकानात सगळ्या बँडवाल्यांची ये-जा. ढोल, माइक, भोंगे, वायरींची भेंडोळी, सगळं तिथे मिळतं. मला मागच्या फळीवर टाकलं. शेठजींच्या पत्नी लहरीबाई दिवाळीला धूळ झटकताना मला उचलून त्यांच्या मारवाडीत विचारायच्या, "ओ डब्बो कद जासी?" हा डबा जायचा तरी कधी? मला कुठे जायचं होतं! मी तिथे अगदी मजेत पडून होतो.

पौष महिन्यातल्या एका सकाळी गोकुळ आला. धडगावच्या वरच्या पाड्यावरचा पावरा आदिवासी माणूस, अंगात स्वेटर, पाठीवर गिटार. घाटातून जीपमध्ये लटकत आला होता, डोळे थंडीने लाल झालेले. तो लग्नात वाजवणाऱ्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. बँडचा मालक दिलवर. त्याने नवा कीबोर्ड घेतला होता आणि त्यात शहनाईपासून बासरीपर्यंत सगळे आवाज होते. मग गिटारवाला हवाच कशाला? हा एक सीझन बघू, असं दिलवरने गोकुळला सांगून टाकलं होतं. बँडच्या गाडीवरून उतरवलं असतं तरी गोकुळ उपाशी मेला नसता, त्याची थोडी शेती होती. पण गिटारवाला गोकुळ म्हणूनच त्याला सातपुड्यातले पाडे ओळखत होते. ते गेलं असतं तर माणूस आतून मोडला असता.

"काय जोयजे गोकुळभाऊ?" शेठजींनी बाजारातल्या अहिराणीत विचारलं, काय हवंय?

"शेठ, मले असा आवाज जोयजे का, समोरना डोंगरवर बी ऐकू ई."

शेठजींनी काउंटरवर नवे चकचकीत पेडल मांडले आणि त्यांच्या शेजारी, बहुधा जागा भरायला, मला ठेवलं. मग स्टूल पुढे सरकवलं. "बस. आठे बशीसन ऐक."

"आठे नही," गोकुळ म्हणाला. "मी रस्ताना पल्याड जास. रक्षाताई, तुम्ही तार छेडा."

रक्षा म्हणजे शेठजींची नात, कॉलेजातून सुट्टीला आलेली. तिला गिटारचा ग सुद्धा येत नव्हता. गिटार मांडीवर घेऊन ती नुसत्या मोकळ्या तारा छेडत बसली आणि शेठजी एकेक पेडल जोडत गेले. गोकुळ रस्त्यापलीकडे, रसवंतीच्या बंद गाड्याजवळ आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. मधून ट्रॅक्टर जात होते, उसाच्या ट्रॉल्या जात होत्या, एसटी हॉर्न वाजवत होती.

शेठजी हसायला लागले, पण त्या डोंगरातल्या माणसांची ऐकण्याची रीतच तशी आहे. तिकडे एका पाड्यावर लग्न लागलं की दुसऱ्या पाड्यावरचे लोक बँडचा आवाज ऐकून निघतात. जवळून गोड वाटणारा आवाज दरीपलीकडे पोचला नाही तर तो फुकट. नव्या पेडलांचा आवाज दुकानात दणदणीत होता, पण रस्त्यापर्यंत गेला की त्याचा नुसता गोंगाट व्हायचा. शेवटी माझी पाळी आली. बाहेर गार वारा होता, माझे ट्रान्झिस्टर खुशीत होते. गोकुळ गर्रकन वळला आणि धावतच रस्ता ओलांडून आला.

"हाऊच! हाऊ लाल डबाच जोयजे मले!"

शेठजी खरे माणूस. म्हणाले, "जुना शे रे हाऊ. नवा ले, सुखमा ऱ्हाशी." पण गोकुळ ऐकतोय कशाला! त्याने मला गमछ्यात गुंडाळलं आणि जीप गाठली. चूक केली ती एवढीच, की वैशाखात वाजवायचा पेडल त्याने पौषात निवडला. मला हे कळत होतं, पण सांगणार कसं? मला बोलायला गिटार लागते.

होळीनंतरची पहिली लग्नं झोकात गेली. सकाळी लवकर वाजवायचं, उन्हं तापायच्या आत थांबायचं. लोक गोकुळच्या गिटारीवर खूश होते. घरी आला की तो मला पुसायचा. त्याची बायको रेवाबाई चिडवायची, "मला नाही कधी असं पुसलंस ते!" ती माणसं घरात पावरी बोलतात, तुम्हाला कळावं म्हणून मी मराठीत सांगतोय. मी मात्र रोज थोडा थोडा थकत होतो. उष्मा वाढत होता आणि मला येणारे दिवस दिसत होते.

वैशाखात एका पाड्यावर भर दुपारची वरात होती. बँडच्या पिकअप गाडीवर स्पीकर रचलेले, पुढे कमरेत हात गुंफून नाचणारी माणसांची भली लांब रांग. रांग सुरू झाली की वाजवणाऱ्याने थांबायचं नाही, अशी तिकडची रीत. रांग तुटली तर वाजवणाऱ्याची लाज जाते. गोकुळने मला पिकअपच्या तापलेल्या पत्र्यावर ठेवलं आणि बटण दाबलं. थोडा वेळ मी निभावलं. मग आवाज घोगरा झाला, मग तुटायला लागला, मग नुसतीच फुसफुस. मित्रांनो, मी जीव तोडून प्रयत्न केला हो! पण अंगच साथ देईना.

नाचणाऱ्यांचे पाय चुकायला लागले. कुणीतरी ओरडलं, "मेला का रे तुझा बाजा?" दिलवरने कीबोर्ड मोठा केला आणि मान वळवून म्हणाला, "गोकुळ, उतर खाली."

गोकुळचा चेहरा पडला. सगळ्या पाहुण्यांदेखत त्याने गिटार गळ्यातून काढायला घेतली. रांगेत नाचणारी रेवाबाई हात सोडवून आली, गाडीवर चढली आणि तिने माझ्यावर तळवा टेकला. "आई गं! हात भाजला माझा! अरे, हा बिघडलाय का नुसता तापलाय ते तरी बघ. आधी सावलीत ने याला."

तिने मला उचललंच. जवळ आंब्याचं झाड होतं, त्याखाली पाण्याच्या टाकीपाशी ओलं गोणपाट पडलं होतं. त्यावर ताटली, ताटलीत मी. गोकुळने लांब वायर जोडली आणि झाडाला टेकून वाजवायला लागला. हळूहळू माझ्या जिवात जीव आला. आधी घोगरा, मग नीट आवाज निघाला आणि नाचणारी रांग गाडी सोडून आंब्याकडे वळली. दिलवर एकटाच गाडीवर कीबोर्ड वाजवत राहिला.

जेवताना दिलवर गोकुळशेजारी येऊन बसला. "गिटार राहू दे," तो म्हणाला. "पण दर लग्नात तुला आंबा कुठून आणू? डबा बदल."

त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. त्याच आठवड्यात आम्ही परत शेठजींच्या दुकानात. जुनं देऊन नवं न्यायचं, हा तिथला रिवाज. या वेळी गोकुळ शहाणा झाला होता. त्याने सगळे पेडल दुकानाच्या पायरीवर भर उन्हात मांडले आणि चहा प्यायला गेला. मलाही त्या ओळीत ठेवलं. कशाला ठेवलं? निकाल त्याला ठाऊक नव्हता का? पण खरं सांगू, दमलो होतो तरी मला हरायचं नव्हतं. पुन्हा रक्षाने तारा छेडल्या, पुन्हा तो रस्त्यापलीकडे उभा राहिला. माझी पाळी आली तेव्हा मी फुसफुसलो. या वेळी तो गर्रकन वळला नाही. शेवटी त्याने एक निळा पेडल घेतला, उन्हाला न जुमानणारा.

निघताना त्याने माझं खालचं झाकण उघडलं आणि मला चालवणारा सेल काढून घेतला.

"आरे, ऱ्हाऊ दे ना," शेठजी म्हणाले. "गिऱ्हाइकले वाजाडी दखाडनं पडस."

"नको शेठ. पडी ऱ्हायना तं सेल पाझरस, मंग आतलं बठ्ठं खाई टाकस."

मग त्याने मला फळीवर ठेवलं आणि पावरीत हळूच म्हणाला, "खूप वाजलास रे. आता आराम कर."

मित्रांनो, इतकी वर्षं लोक म्हणाले, गिटार काय वाजली! मी वाजलो, असं मला कुणी म्हटलेलं हे पहिल्यांदाच.

आता मी कुणाच्या उपयोगाचा नाही, पण पाझरून आतलं सगळं खाऊन टाकणारा सेल पोटात नाही, म्हणून आतून शाबूत आहे. तुमच्या घरातही कपाटात एखादा जुना रेडिओ, टॉर्च, खेळणं पडलं असेल. त्याने राबून घेतलंय, आता नवं आणा, खुशाल आणा. फक्त त्याला ठेवून देण्याआधी झाकण उघडा आणि पोटातला सेल तेवढा काढा. दमलेल्याला आतून कुरतडत ठेवू नका रे.