पिंपावरची आरोळी

खाडीकाठच्या स्कार्वेवीक गावात बिअर नुसती उकळून आणि गाळून होत नाही. तिच्यावर ओरडावं लागतं. मोड आणून वाळवलेल्या जवाचा, म्हणजे माल्टचा, गोड काढा धारोष्ण दुधाइतका कोमट झाला, की लाकडी कड्यावर वाळवून ठेवलेलं घरचं यीस्ट, म्हणजे बिअरचं विरजणच म्हणा ना, पिंपात सोडायचं आणि त्याच क्षणी पिंपावर वाकून बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकायची. आरोळी जेवढी दणदणीत, तेवढी बिअर कडक. मिळमिळीत ओरडणाऱ्याची बिअर पिऊन पाहुणे सरळ रेषेत चालत घरी जातात, आणि यापरती नाचक्की खाडीच्या या काठावर दुसरी नाही.

हाल्वोरच्या आरोळीची तर ख्यातीच होती. ती ऐकून पलीकडच्या काठावरच्या शेळ्या पान्हा चोरायच्या. एकदा म्हणे फेरीबोटीच्या कप्तानाने धक्क्यावरून कोणीतरी बोलावतंय असं समजून भर खाडीतच दोर फेकला होता. कप्तान ही गोष्ट साफ नाकारतो. पण त्या आठवड्यात त्याने नवा दोर घेतला, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

तोच हाल्वोर गेल्या हिवाळ्यापासून खिडकीपाशी पलंगावर पडून होता. एका सकाळी लाकडं फोडता फोडता खाली बसला तो उठलाच नाही. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जीव वाचला हे काय कमी आहे, असं डॉक्टर म्हणाले, आणि त्याच्या बायकोला, सिग्वोरला, ते पटायचंही. पण घरात दुसरा आवाजच उरला नसल्यामुळे ती आताशा भांडी मुद्दाम आदळून ठेवायची. तिला फार काही परत नको होतं. त्याने चालावं, कामं करावीत, असं तिचं म्हणणं नव्हतं. एकदा, फक्त एकदा त्याने तिला नावाने हाक मारावी, एवढंच.

जुलैत शेजाऱ्यांनी न सांगता येऊन त्यांचं गवत कापून दिलं. अशा कामाला बिअरच पाजायची असते. सिग्वोरने जुनिपरच्या, त्या काटेरी सुगंधी झुडपाच्या, फांद्या तोडल्या, तांब्याच्या मोठ्या हंड्यात उकळल्या, त्या पाण्यात माल्ट मुरवलं, काढा फांद्यांच्याच थरातून गाळून पिंपात उतरवला. इतकी वर्षं हे सगळं ती करतच होती. आरोळी तेवढी तिची नव्हती.

शेजारचा ओडमुन हंडा उतरवायला मदतीला आला होता. सिग्वोर यीस्टचं कडं हातात धरून नुसतीच उभी आहे, हे पाहून तो म्हणाला, "ओरड की आता. लाजतेस कोणाला? माझा बैल तुझ्या बटाट्यात शिरला होता, तेव्हा काय आवाज काढला होतास!"

"तो तुझ्यावर काढला होता. बैलाचा काय दोष?" सिग्वोर म्हणाली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाली, "ओडमुन, हाल्वोरला इकडे आणू या."

"अगं, त्याला कशाला?"

"आरोळी त्याची आहे."

ओडमुनने टोपी मागे सरकवली, पुन्हा पुढे ओढली, आणि तो घराकडे निघाला. दोघांनी मिळून हाल्वोरला खुर्चीसकट अंगणातून भट्टीघरात आणलं, काखेत हात घालून पिंपावर वाकवून धरलं. सिग्वोरने कडं सोडलं. हाल्वोरचं तोंड उघडलं, मानेच्या शिरा तटतटून फुगल्या, चेहरा लालबुंद झाला. आणि त्या उघड्या तोंडातून नुसताच एक लांबलचक, मुका श्वास बाहेर पडला. काढ्यावर वलयं उठली. पिंपाच्या कडेपर्यंत जाऊन ती परत फिरली, मध्यभागी गोळा झाली आणि कोणी आतून ओढून घ्यावीत तशी खाली गेली.

"झालं," सिग्वोर म्हणाली.

"झालं?" ओडमुन हाल्वोरला सावरत म्हणाला. "मग आम्ही गुरुवारी सरळच चालत घरी जाणार म्हणायचं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती यीस्ट लागलं की नाही हे पाहायला गेली. घोंगड्यांनी गुंडाळलेल्या पिंपाला तिने कान लावला. आत बुडबुडे तडतडत होते, फेस चरचरत होता. आणि त्या चरचरण्यातून कोणीतरी खाकरलं. दोनदा आखूड, एकदा लांब. जेवणाच्या टेबलावर काही सांगायचं असलं, की हाल्वोर असाच खाकरायचा.

"सिग्वोर," पिंप म्हणालं.

ती किंचाळली नाही. तिने एप्रन नीट केला, कपाळावरचे केस मागे सारले आणि म्हणाली, "काय रे?"

आवाज काही मोठं, गूढ बोलायचा नाही. वाळत घातलेलं गवत उलटं केलंस का, विचारायचा. लोकरीचे मोजे कुठे ठेवलेस म्हणायचा, आणि ती, तुझ्या डोळ्यांसमोरच आहेत, असं नेहमीसारखं फणकारून सांगायची. तिने स्टूल आणलं, विणकाम आणलं. दिवसभर भट्टीघरातून तिचं हसू ऐकू यायचं. लापशी पलंगापाशी न्यायला उशीर होऊ लागला; न्यायची तेव्हा ती गार झालेली असायची.

पलंगावर काहीतरी बदललं होतं, हे तिच्या लक्षात आलं नाही असं नाही. आधी हाल्वोरची नजर तिच्या मागे मागे खोलीभर फिरायची. आता ती उठून गेली, तरी नजर ती बसली होती त्या जागेवरच राहायची. एकदा तिने त्याच्या नाकापुढे तळवा धरला. श्वास येत होता, पण त्यात ऊब नव्हती. तिने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि ती पिंपाकडे गेली.

"सिग्वोर," त्या संध्याकाळी आवाजाने विचारलं, "घरात तुझ्याबरोबर कोण आहे?"

विणकामाचे टाके सुटले. तिने ते एकेक करून पुन्हा उचलले.

गुरुवारी शेजारी आले. बिअर तयार झाली की पहिल्या दिवशी भट्टीघराचं दार उघडं ठेवायचं असतं, बोलावणं लागत नाही. सिग्वोर मात्र दार अडवून उभी होती.

"अजून झाली नाही," ती म्हणाली.

"वास पार धक्क्यापर्यंत आलाय, आणि झाली नाही म्हणे!" ओडमुन म्हणाला.

"चाखायला आलोय अगं," त्याची बायको आनलाउग हसली, "पिंप उचलून न्यायला नाही."

त्यांच्या हातांवर अजून विळ्याचे घट्टे होते. सिग्वोर बाजूला झाली.

लाकडी वाडगा फिरू लागला. एरवी पहिल्या घोटानंतर जो तो पारखी होतो. कोणी जुनिपरला नावं ठेवतो, कोणी पाण्याला. आज तसं काही झालं नाही. ओडमुनने मिशीवरचा फेस पुसला आणि तो खाकरला. दोनदा आखूड, एकदा लांब. मग आनलाउग खाकरली. मग तिच्या पलीकडचा, मग त्याच्या पलीकडचा. कोणाला काही वावगं वाटल्याचं दिसलं नाही. ते पुन्हा वाडगा भरत होते. आणि दर वाडग्यागणिक पिंपातला आवाज विहिरीत उतरणाऱ्या माणसासारखा खोल खोल जात होता. शेवटचा वाडगा सिग्वोरने कोणाची नजर नसताना एप्रनखाली घेतला.

पाहुणे उतारावरून निघाले. सरळ रेषेत कोणीच चालत नव्हतं. इथल्या उन्हाळ्याचा तो रात्रीही न संपणारा उजेड समोरच्या डोंगरावर पांढरा पडला होता.

"सिग्वोर, दार लावून घे," त्यांच्यातलं कोणीतरी म्हणालं. आवाज हाल्वोरचा होता. सगळ्यांच्या पाठी तिच्याकडे होत्या, आणि एकानेही मान वळवली नव्हती.

घराचं दार उघडंच टाकून ती धावत आत गेली. पलंगाच्या कडेला बसून तिने वाडग्यातला एक चमचा हाल्वोरच्या ओठांना लावला. सहा महिने जे भरवेल ते निमूटपणे गिळणाऱ्या त्या माणसाने दात घट्ट आवळले. बिअर हनुवटीवरून उशीवर ओघळली.

"घे रे," ती काकुळतीला येऊन म्हणाली. "तुझंच आहे."

अनोळखी कुत्र्याकडे पाहावं तसा तो वाडग्याकडे पाहत होता. वाडग्यातला फेस विरत चालला होता, आणि त्याच्याखालून कोणीतरी फार हळू, फार लांबून तिला हाक मारू पाहत होतं. नावाचं पहिलंच अक्षर, तेही अर्धं. सिग्वोरने वाडगा दोन्ही हातांनी उचलला आणि तळ दिसेपर्यंत पिऊन टाकला.

बिअर कडक होती. इतक्या वर्षांत इतकी कडक झाली नव्हती. तिने ओठ पुसले. घशाशी काहीतरी आलं म्हणून ती खाकरली.

"सिग्वोर," तिच्या तोंडून हाल्वोरने हाक मारली. स्वच्छ, भरदार, पूर्वीसारखी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

पलंगावरच्या माणसाने नजर तिच्यावरून काढून त्या उघड्या दाराकडे नेली, कोणी आत येताना दिसावं तशी तिथेच थोडा वेळ ठेवली; आणि मग डाव्या हाताने पांघरूण ओढत, तसूतसूने भिंतीकडे सरकत, त्याने आपल्या शेजारी एका माणसापुरती जागा करून दिली.