रेघ आवर

सकाळी आठ वाजल्यापासून आजी चपला घालून खुर्चीत बसल्या होत्या. नात केस विंचरता विंचरता बाहेर आली आणि हसायला लागली.

"अगं आजी, अकराला आहे ते. आत्तापासून काय चपला घालून बसलीस?"

"मला वेळ लागतो चपला घालायला."

"तीन तास?"

"तू तुझं आवर."

नात सैन्याच्या संपर्क विभागात कॅप्टन होती. आपलं काम तिने आजींना एकदा सोपं करून सांगितलं होतं. "समज, घरात चाळीस माणसं आणि न्हाणीघर एकच. कोणी कधी जायचं आणि किती वेळात बाहेर यायचं, हे ठरवणारी मी." न्हाणीघर म्हणजे हवेतल्या रेडिओलहरी. रडारला त्या हव्यात, ड्रोनला हव्यात, रणगाड्यातल्या संचांनाही हव्यात, आणि दोघे एकदम आत शिरले की कोणाचंच धड होत नाही. या वाटणीत लहरींचा एक जुना पट्टा आता ड्रोनच्या जाळ्याला द्यायचं ठरलं होतं. बावन्न वर्षांपूर्वी, युद्धात, आजी त्याच पट्ट्यावर मोर्सची कळ दाबून ठिपक्या-रेघांत निरोप पाठवत बसायच्या. आज दुपारी बाराला तो जाणार होता. त्याआधी तासभर जुन्या ऑपरेटरांनी आपापल्या गावाहून, उरलेल्या संचांवरून, एकमेकांशी शेवटचं बोलून घ्यावं अशी परवानगी निघाली होती.

आजींना बोलायचं नव्हतं, ऐकायचं होतं. तेही एकाच माणसाला; नातीला त्यांनी एवढंच सांगितलं होतं.

त्या वेळी आजी बावीस वर्षांच्या होत्या. मुख्यालयामागच्या पत्र्याच्या खोलीत कानाला हेडफोन लावून त्या बसत. पुढे गेलेल्या सात तुकड्यांचे सात ऑपरेटर त्यांच्याशी कडकट्ट करत. नावं सांगायची नाहीत, ठिकाण विचारायचं नाही, असा सक्त हुकूम. तुकडीचं सांकेतिक नाव रोज बदले, फ्रिक्वेन्सी दिवसातून दोनदा बदले. बदलत नसे तो फक्त हात. प्रत्येकाचा कळ दाबण्याचा ढंग वेगळा असतो, आणि कान तयार झाला की जिन्यावरच्या पावलांवरून घरचं माणूस ओळखावं तसा माणूस ओळखू येतो. एकजण घाईघाईने ठिपके गिळायचा. एकजण जेवण झाल्यावर हमखास सुस्त व्हायचा.

आणि एक लंगडा होता. त्याचं नाव आजींनीच मनात ठेवलेलं. निरोप संपला की 'आता तुम्ही बोला' अशी खूण करायची असते: रेघ, ठिपका, रेघ. बाकीचे ती उरकून टाकत. हा शेवटची रेघ लांबवायचा. दारापर्यंत पोचवायला आलेल्या माणसाने उंबऱ्यावर रेंगाळावं, तशी ती रेघ रेंगाळायची. दारूगोळ्याचे आकडे, जखमींची संख्या, पाण्याचे टँकर, एवढंच काय ते बोलणं. पण त्या रेघेसाठी आजी पाळी संपली तरी खुर्ची सोडायच्या नाहीत. असं दीड वर्ष चाललं.

मग एका दुपारी साहेब खोलीत आले. म्हणाले, "शत्रूलाही कान आहेत. तुम्ही हात ओळखता, तसे तेही ओळखतात. नावं बदलून उपयोग काय? हात हलला की तुकडी हलली, हे त्यांना कळतं. ज्याचा हात उठून दिसतो त्याचं आजचं सांकेतिक नाव द्या. त्याला कळीवरून काढून टेलिफोनच्या तारा टाकायला पाठवतो."

तारा टाकायच्या त्या गोळीबारात, उघड्या माळावर. तारा टाकणाऱ्यांतले किती परत येतात, हे आजींनीच रोज आकड्यांत उतरवून घेतलेलं होतं.

आजींनी नाव दिलं नाही. पण गप्प बसून भागणार नव्हतं. आज त्यांनी झाकलं तरी शत्रूचा कान कोण झाकणार? त्या संध्याकाळी लंगड्याचा निरोप संपला, रेघ नेहमीसारखी रेंगाळली, आणि आजींनी नोकरीत पहिल्यांदा आणि शेवटच्यांदा नियम मोडला. पोच देताना दोनच शब्द जास्तीचे पाठवले.

"रेघ आवर."

पलीकडून पोच आली. मग खूण आली. रेघ, ठिपका, रेघ. अगदी सरळ, पुस्तकातल्यासारखी.

सकाळी नावं बदलली, फ्रिक्वेन्सी बदलली. सात हात आले, आणि त्यांतला लंगडा कुठला, हे आजींना कळेना. रोज ऐकत होत्या, रोज चाचपडत होत्या. पुढच्या महिन्यात मोठी लढाई झाली आणि सातांपैकी तीन हात कायमचे थांबले. त्यात तो होता की नव्हता? ते कळण्याची वाट आजींनी स्वतःच्याच बोटांनी बुजवून टाकली होती.

पुढे लग्न झालं, संसार झाला, चांगला झाला. आजोबांना सगळं माहीत होतं. म्हातारपणी गुडघा धरला तेव्हा ते म्हणायचे, "घे, आता मीही लंगडतोय. आता तरी माझ्याकडे लक्ष दे." आजोबांना जाऊनही सहा वर्षं झाली होती.

नातीच्या संपर्क केंद्रातल्या खोलीत भिंतभर पडदे होते आणि गारवा इतका की आजींनी शाल घट्ट ओढून घेतली. टेबलावर तेवढा एक जुना संच आणि पितळी कळ मांडून ठेवली होती. पडद्यावर निळ्या रंगात पिवळे ठिपके वरून खाली सरकत होते.

"हे बघ आजी," नात म्हणाली, "हा एकेक ठिपका म्हणजे कोणीतरी बोलतंय. आमचे संच सेकंदाला शंभर वेळा जागा बदलतात. शत्रूला पकडताच येत नाही."

"आणि हात?"

"हात कुठला आता? यंत्रच यंत्राशी बोलतं. सगळे सारखेच."

"म्हणजे सगळ्यांनीच रेघ आवरली म्हण की," आजी पुटपुटल्या. नातीला ते कळलं नाही.

अकरा वाजले. आजींनी कानातलं यंत्र काढून पर्समध्ये ठेवलं आणि हेडफोन चढवले. एकेक करून म्हातारे हात येऊ लागले. कोणी थरथरत होता, कोणी मध्येच विसरत होता. एकाने आपल्या पाच नातवंडांची यादी पाठवली. एकाने आपलं मूत्रपिंडाचं दुखणं सविस्तर सांगितलं. आजी प्रत्येकाच्या शेवटच्या खुणेकडे कान लावून होत्या. साडेअकरा झाले, पावणेबारा झाले. सगळ्यांच्या रेघा सरळ.

"नाही ना गं?" नातीने हळूच विचारलं.

आजींनी मान हलवली. मग त्यांच्या ध्यानात आलं. असला तरी तो सरळच येणार. आपणच बजावलंय त्याला.

त्यांनी कळ पुढे ओढली.

"तुला तर बोलायचं नव्हतं," नात म्हणाली.

"शू!"

बारा वाजायला चार मिनिटं होती. आजींनी नाव पाठवलं नाही, निरोप पाठवला नाही. नुसती खूण पाठवली. रेघ, ठिपका, आणि मग एक रेघ, जिच्यावरचं बोट त्यांच्याने उचलवेना. बावन्न वर्षं कानात जपलेली ती लंगडी रेघ जशीच्या तशी त्यांच्या बोटातून उतरली.

पट्ट्यावर सगळं थांबलं. एक मिनिट गेलं. दुसरंही गेलं. आजींचे डोळे मिटलेले होते.

मग एक हात आला. बारीक, सावकाश.

"रेघ आवर."

आणि मागोमाग खूण. रेघ, ठिपका, रेघ. शेवटची रेघ उंबऱ्यावर उभी राहिली, उभीच राहिली.

आजींचं बोट कळीवर टेकायच्या आत बारा वाजले. हेडफोनमध्ये खरखर झाली आणि पडद्यावरचा तो पट्टा ड्रोनच्या हिरव्या रंगाने भरून गेला.

नातीने त्यांचे हेडफोन उतरवले, यंत्र पर्समधून काढून कानात बसवलं आणि समोर गुडघ्यावर बसली. तिचे स्वतःचेच डोळे भरले होते. "आजी, तीन अँटेनांनी दिशा पकडलीय. कुठून आलं ते लगेच दिसेल. बघू?"

"ठिकाण विचारायचं नसतं," आजी सवयीने म्हणाल्या.

"अगं, युद्ध संपलं!"

आजींनी शालीचं टोक डोळ्यांना लावलं. म्हणाल्या, "किती लांब, तेवढंच सांग."

नातीने पडद्यावर पाहिलं. "गाडीने तीन तास."

"एवढंच?" आजींच्या तोंडून निघालं. सगळा जन्म, आणि तीन तास.

नात काही बोलणार, तोच त्या खुर्चीचा हात धरून उठल्या.

"चल. त्याने 'बोल' म्हणून सोडलंय. पाळी माझी आहे."