विमानाचा नायक कोण?

दिग्रसजवळच्या आमच्या बंजारा तांड्यात सोयरीक जमवताना पहिला सवाल ठरलेला असे: तुमचा नायक कोण? नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख; त्याचं नाव कळलं की अर्धं घराणं कळलं. साठ-एकसष्ट साली उमरखेडकडचा पूनमसिंग माझ्या लेकीला, बसंतीला, पाहायला आला, तेव्हा मीही तेच विचारलं. पोरगा नागपूरला विमानात माल चढवायच्या नोकरीत होता. बसंतीला तो आवडला होता, तिनं आईला तसं सांगितलंही होतं. राहिला होता फक्त माझा होकार. पण गप्प बसेन तर मी देवसिंग कसला? खाजवून खरूज काढली.

"अन् विमानाचा नायक कोन?"

"सरकार," पूनमसिंग म्हणाला.

"मंग लोक त्याले कंपनी कायले म्हनतेत?"

"पह्यले शेठ लोकाइच्या कंपन्या होत्या, मामा. सरकारनं घेतल्या अन् दोन केल्या. एक देशात उडते, एक परदेशात. मी देशातल्या कंपनीत हावो."

"मंग लंडनचा माल तू कसा चढवतं? आत्ताच तुही माय सांगून राह्यली."

त्याची आई जमनाबाई शेजारीच बसली होती. विधवा बाई, हा एकुलता एक.

"मुंबईपर्यंत आमचं विमान, पुढं दुसऱ्याचं. पावती एकच."

"माल हरपला तं मंग कोनाची मान धराची?"

पूनमसिंगानं घाम पुसला. जमनाबाई लेकाच्या मदतीला धावली. "विमानात जेवन फुकट देतेत, भाऊ!"

"फुकट? मंग तिकिटाचे पैसे कायचे?"

ते तिलाही सांगता येईना. एक ना धड, भाराभर चिंध्या! दिग्रसच्या बाजारात कापसाच्या दलालांना गप्प करणारा मी, आणि स्वतःच्या ओसरीवर मला काहीच उमगेना. चीड आली होती ती त्याचीच.

इतका वेळ दाराशी उभी असलेली माझी बायको रामीबाई पुढे आली.

"बाबू, तू सोता उडतं काय?"

"कधी कधी. मालासंगं आसामात जा लागते."

"अन् विमान पडलं, तं घरी सांगाले कोन येते?"

बैलांवर मीठ लादून तांडा फिरायचा, त्या काळी वाटेत माणूस गेला तर नायक स्वतः त्याच्या घरच्यांपुढे पागोटं काढून बसायचा. ही खबर तो दुसऱ्या कोणाच्या तोंडून जाऊ देत नसे.

"तार येत असन," पूनमसिंग अडखळला. "मले मालूम नाई, मामी. आजवर कोनी इचारलंच नाई."

जमनाबाईचं तोंड उतरलं. ती लेकाकडे बघत राहिली.

"मंग मले कोन सांगन रे, पूनम?"

मला माझ्या सगळ्या सवालांची लाज वाटली. मोडली सोयरीक, असंच मी धरून चाललो. आतल्या खोलीत बसंती ऐकत असणार, तिला काय सांगायचं ते सुचेना.

सोयरीक पक्की झाली की वाटायला म्हणून परातीत गूळ ठेवला होता; रामीबाईनं त्यातला खडा उचलला, जमनाबाईला खेटून बसली आणि तो तिच्या तोंडात घातला.

"कोनीबी सांगो, बाई. तुमाले एकटीनं आयकू देनार नाई. माही पोरगी असन तुमच्यापाशी."