कॉलरमागची पट्टी

लाँड्रीवाल्या वहिनींनी नोटीस वाचली आणि त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. कपडे धुण्याची पावडर बनवणारी कंपनी या मुलखाच्या जुन्या नावावर हक्क सांगत होती. वहिनींच्या पाटीवरही तेच नाव होतं. ते आता उतरवा, असं कंपनीचं म्हणणं. नाही तर धुण्याच्या धंद्यात ते नाव आपण कंपनीच्या आधी, म्हणजे तीस वर्षांच्याही आधी, वापरत होतो हे सिद्ध करा. जुन्या कागदपत्रांचा तर माळ्यावरच्या गळतीत केव्हाच लगदा झाला होता.

नाव सासऱ्यांनी ठेवलेलं. पाटी उतरवायची म्हणजे म्हाताऱ्याला पुन्हा एकदा पोचवून येण्यासारखंच होतं.

कोट इस्त्रीला घेऊन आलेले निवृत्त मास्तर ऐकूनच तापले. "अहो, त्या नावाचा अर्थच मुळी 'दोन्ही काठांचा मुलूख'! राजांनी दगडावर कोरलं, नकाशावाल्यांनी खोडलं. आता गॅरेजवर आहे, शाळेवर आहे, तुमच्या पाटीवर आहे, म्हणून टिकलंय. ते एकट्याचं कसं होईल?"

"मास्तर, सुनावणी घेणाऱ्या साहेबांना भाषण नको, पुरावा हवाय," असं म्हणत वहिनींनी कोटाची कॉलर उलटली आणि त्यांचा हात थांबला.

सासऱ्यांची खोड! नव्या गिऱ्हाइकाच्या पहिल्या कपड्याला ते कॉलरमागे पट्टी शिवायला लावत. तिच्यावर लाल दोऱ्याने दुकानाचं नाव आणि साल. शिवायच्या वहिनीच, कुरकुरत. "रिकामा उद्योग," असं त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायच्याही.

सुनावणीला भर उन्हाळ्यात अठ्ठावीस जुनी गिऱ्हाइकं आपापले कोट घालून, घामाघूम होऊन रांगेत उभी राहिली. बँडमास्तरांचा कोट पोटावर येईना, म्हणून त्यांनी तो हातावर धरून आणला. साहेब एकेक कॉलर उलटून साल वाचत गेले. छत्तीस वर्षं. एकोणचाळीस. बँडमास्तरांची पट्टी चव्वेचाळीस वर्षांची निघाली.

"पुरे, पुरे," साहेब हसत म्हणाले. "पाटी राहू द्या. आणि या मंडळींना आधी पाणी द्या."

वहिनींना आभार मानायचे होते. त्या हात जोडून एकेकासमोर उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा वकील खजील चेहऱ्याने दुकानात आला. "कोट धुवायचाय. आणि ती पट्टी... मलाही मिळेल का?"

वहिनींनी लाल दोरा ओवला आणि सासऱ्यांच्या फोटोकडे पाहिलं.

"बाबा, चुकलं माझं," त्या म्हणाल्या आणि शिवायला बसल्या.