दीक्षाच्या अक्षरातला अर्ज

दीक्षा आठवीत नापास झाली, हे मोतीराम तायडेला दोनदा सांगावं लागलं. पहिल्यांदा एप्रिलच्या परीक्षेनंतर. तेव्हा त्याने ते हसण्यावारी नेलं, कारण आठवीपर्यंत पोरांना नापास करताच येत नाही, हा कायदा त्यानेच शंभर जणांना समजावून सांगितला होता. दुसऱ्यांदा जूनच्या फेरपरीक्षेनंतर. त्या वेळी मुख्याध्यापक गोवर्धन सरांनी त्याच्यापुढे नवा नियमच ठेवला. पाचवीला आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा, तिच्यात नापास तर फेरपरीक्षा, आणि तिच्यातही नापास तर पुन्हा त्याच वर्गात. मोतीरामला दरदरून घाम फुटला. पोरगी नापास झाल्याचा धक्का मोठा, की कायदा बदलला आणि आपल्याला पत्ताही लागला नाही याचा, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं.

मोतीराम हा दर्यापूरच्या तहसील कचेरीबाहेर बसणारा अर्जनवीस. बावीस वर्षांपासून लोकांचे अर्ज लिहून देतो. कोणाचा फेरफार अडलेला असो, कोणाचं रेशनकार्डातलं नाव गळलेलं असो, मोतीराम चष्मा कपाळावर सरकवून म्हणणार, "तरतूद हाये." आपल्याला येताना पाहून तलाठी हातातला चहाचा कप खाली ठेवतो, असं तो सांगायचा. हे तलाठ्याने कधी कबूल केलं नाही, ती गोष्ट वेगळी.

दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. तेव्हापासून अर्जाचा कच्चा मसुदा तो लिहायचा आणि पक्की प्रत दीक्षा करायची. पोरीचं अक्षर असं, की छापखान्याने मान खाली घालावी. बायाबापड्या मुद्दाम म्हणायच्या, "भाऊ, तुमच्या पोरीच्या अक्षरात पाह्यजे बरं." एकदा मोतीरामने मसुद्यातली एक ओळ काट मारून खोडली होती, तर हिने ती ओळ काट मारून जशीच्या तशी पक्क्या प्रतीत उतरवली. केवढं हसला होता तो! स्टॅम्प विकणाऱ्या श्रावणला कागद दाखवून म्हणाला, "पाय, किती इमानदार हाये पोरगी. खोडलेलंबी सोडत नाई."

आणि अशी पोरगी नापास? मोतीरामने पहिलीपासूनची सगळी प्रगतिपुस्तकं पिशवीत भरली आणि शाळेत नेऊन टेबलावर आदळली. प्रत्येकात श्रेणी अ. प्रत्येकात एकच नोंद : हस्ताक्षर सुंदर, वाचन स्पष्ट व आवडीने करते.

"सात वर्षं हुशार होती, आन आठव्या वर्षी ढ झाली काय सर?" त्याने विचारलं. "हा आकस हाये. कोनाच्या तरी पोटात दुखून राहिलं."

गोवर्धन सर म्हणाले, "आमच्या हातात काही नाही." वर्गशिक्षिका सीमा मॅडम खिडकीजवळ उभ्या होत्या. त्यांनी वर पाहिलंसुद्धा नाही. मोतीरामने ते बरोबर हेरलं.

दुसऱ्याच दिवशी तो अकोल्याला गेला. पुतण्या धम्मदीप तिथे वकिली करतो. त्याने काकांना जय भीम केला, पाणी दिलं आणि खुर्चीत बसायच्या आतच मार्ग सांगितला. आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहायचा हक्क परीक्षार्थ्याला आहे, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. माहितीच्या अधिकारात नकला मागायच्या. दुसरा अर्ज अमरावतीला शिक्षणाधिकाऱ्यांकडे.

"आन काका, मे महिन्यात शाळेनं जादा तास घेतले होते काय?"

"कायचे तास? शाळेले कुलूप होतं."

"मंग झालं आपलं काम. फेरपरीक्षेच्या आधी शिकवनं बंधनकारक हाये. नाई शिकवलं, तर नापास कशाच्या जोरावर करता?"

मोतीराम परतीच्या गाडीत खिडकीशी बसून एकटाच हसत होता. घरी आल्या आल्या त्याने दोन्ही मसुदे लिहिले आणि दीक्षापुढे ठेवले. पोरीने ओट्यावर बसून तासाभरात दोन्ही पक्के केले. 'माझी मुलगी दीक्षा हिला आकसाने नापास करून तिचे भवितव्य उद्ध्वस्त केले आहे' हे वाक्य लिहितानाही तिचा हात अडखळला नाही की डोळा ओला झाला नाही. मोतीरामला तिचं कौतुक वाटलं. काय काळीज आहे पोरीचं! आता बसली तर नववीतच बसेल, असं ठरवून त्याने तिला घरीच ठेवली.

आठवड्याने सीमा मॅडम घरी आल्या. बायको ज्योत्स्ना पाणी आणायला आत गेली, तशा त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "मोतीरामभाऊ, उत्तरपत्रिका नका मागू. मी तुमच्या पाया पडतो."

चोर सापडला! मोतीरामला दुसरं काही सुचलंच नाही. "काहून? उघडं पडन म्हनून?" तो म्हणाला. मॅडम पाणी न पिताच उठल्या.

जुलै संपता संपता नकला आल्या. शाळेत गपचूप उघडायच्या ऐवजी मोतीरामने पाकीट कचेरीच्या व्हरांड्यात आणलं. श्रावणसमोर, चार अर्जदारांसमोर फोडलं. लोकांनाही कळू दे, शाळेत काय चालतं ते.

वर मराठीची उत्तरपत्रिका होती. दीक्षाचंच अक्षर, मोत्यासारखं. 'खालील उतारा वाचून विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे लिहा.' त्याखाली अख्खा उतारा. त्याखाली प्रश्न. प्रश्नापुढे कंसात गुणसुद्धा. मग पुढचा प्रश्न, आणि पुढचा. 'कोणतेही दोन सोडवा' हेही सुबक लिहिलेलं. उत्तर कुठेच नव्हतं. त्याने इतिहासाची उलटली, विज्ञानाची उलटली. सगळीकडे प्रश्नपत्रिका पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत उतरवून काढलेली, आणि 'पाठीमागे पाहा' हे शब्दही खाली उतरवलेले. तोंडी परीक्षेला दहापैकी नऊ, लेखीला पन्नासपैकी शून्य.

"काय निंगालं भाऊ?" श्रावणने विचारलं.

मोतीरामने कागद पिशवीत कोंबले. ती खोडलेली ओळ त्याला एकदम आठवली. तो घराकडे निघाला. चालत निघाला की पळत, हे त्याला नंतर आठवलं नाही.

दीक्षा अंगणात तूर निवडत होती. त्याने अर्जाची प्रत तिच्या हातात दिली. "वाच."

पोरीने कागद धरला आणि घडाघडा सुरुवात केली. "महोदय, मी खाली सही करनार अर्जदार, राहनार दर्यापूर, विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की..." तिथे ती थांबली. तेवढं प्रत्येक अर्जात असतं. तेवढं तिला ऐकून पाठ होतं.

"पुढं?"

तिने कागद डोळ्यांजवळ नेला. त्याने बोट एका शब्दावर ठेवलं. "हे काय हाये?"

"न," ती म्हणाली. मग पुढची अक्षरं, "प... स..."

"मिळून काय झालं?"

"माईत नाई बाबा."

'नापास' हा शब्द होता. दोन अर्जांत मिळून सात वेळा तिने तो लिहिला होता.

"लिहता येते मले," ती रडवेली होऊन म्हणाली. "वाचता नाई येत. तुमी कधी वाच म्हटलंच नाई."

ज्योत्स्ना दारात येऊन उभी राहिली. तिने दोघांकडे पाहिलं आणि पोरीला जवळ घेतलं. मोतीरामला स्वतःच्या मुस्कटात मारून घ्यावंसं वाटलं. ज्या पोरीचं अक्षर तो गावभर मिरवत होता, तिने आपल्याबद्दलची तक्रार काय आहे हे न कळता पक्की करून दिली होती. चौदा वर्षांची पोर. आठ वर्षं शाळेत. तो थेट सीमा मॅडमच्या घरी गेला.

"मले पाचवीपासून माहीत होतं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी काही लपवलं नाही. "नोंदींचं तयार पुस्तक मिळते, भाऊ. त्यातून उतरवतो आमी. तिले वाचता येत नाई असं लिहलं, तर वरून विचारतात, तुमी काय केलं? नापास तर करता येत नव्हतं. मंग जे मागच्यानं लिहलं, तेच मीबी लिहलं."

मोतीरामला भांडायचं होतं. पण मॅडमनेही उतरवलं होतं आणि पोरीनेही.

अमरावतीच्या सुनावणीची तारीख आठ दिवसांवर होती. लाजेपायी त्याने धम्मदीपला काहीच सांगितलं नाही. अर्ज मागे घ्यायचा, एवढं मनाशी पक्कं करून तो दीक्षाला घेऊन बसमध्ये बसला.

धम्मदीप अकोल्याहून थेट तिथे पोचला होता, गोवर्धन सरही समोर बसले होते. सुनावणी दोन मिनिटांत आटोपली. गोवर्धन सरांनी लेखी कबूल केलं होतं, मे महिन्यात जादा तास झाले नाहीत. नववीची शाळा दुसरी. पोरगी तिकडे गेली की त्यांची कटकट मिटत होती. अधिकाऱ्यांनी सही झालेला आदेश पुढे सरकवला. निकाल रद्द, विद्यार्थिनीस नववीत प्रवेश देण्यात यावा.

"अभिनंदन तायडे. मुद्दा पक्का काढला तुम्ही."

"सायेब," मोतीराम उभा राहिला. "मले हे नको. आठवीतच राहू द्या तिले. तिले वाचता येत नाई."

धम्मदीप काकांकडे पाहतच राहिला. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. "अहो, तुम्हीच तर मागितलं ना? नियम मोडून झालेला निकाल मी कसा ठेवू? आणि आदेश निघालाय. आवक-जावकला नंबर पडलाय."

तेव्हा दीक्षा पुढे आली. तिने आदेशाकडे पाहिलं नाही, साहेबांकडे पाहिलं.

"सायेब, मले पयलीत बसू देता काय?"

गोवर्धन सर हसले. अधिकाऱ्यांनी समोरच्या फायलीचं एक पान उलटलं, मग दुसरं. "चौदा वर्षांच्या मुलीला पहिलीत? वयाप्रमाणे वर्ग द्यावा लागतो, बाळा. तशी तरतूद नाही."

दीक्षाने बापाकडे वळून पाहिलं. कचेरीबाहेर बाया त्याच्याकडे पाहायच्या, तसंच. आता बाबा काहीतरी सांगतील, याची तिला खात्री होती. मोतीरामने तोंड उघडलं, पण त्याला एकही कलम आठवेना. साहेबांनी पुढच्या केसचं नाव पुकारलं.