दाराजवळची जागा

मी निळी पाटी बोलतेय. गाडीच्या आतल्या आरशाला अडकवतात ना, चाकांच्या खुर्चीचं पांढरं चित्र असलेली, ती. मी लटकलेली असले की दुकानाच्या अगदी दाराजवळ, अपंगांसाठी राखलेल्या जागेत गाडी लावता येते. सांगायला लाज वाटते, पण सांगतेच. गेलं वर्षभर मी खोटं बोलतेय.

सरकारी कचेरीत माझा जन्म झाला. डॉक्टरांची सही झाली, माझ्यावर एक नंबर पडला आणि मी आर्डिस बिकफर्ड यांची झाले. आर्डिसबाईंनी तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात उभं राहून मुलांना जेवू घातलं. त्यात दोन्ही गुडघे गेले, मग कंबर गेली. मुलगा डेल त्यांना गाडीतून सगळीकडे न्यायचा.

बाई फार कडक. एकदा डेल एकटाच दूध आणायला निघाला, तर त्यांनी दारातून ओरडून थांबवलं.

"डेल, ती पाटी काढ आधी."

"आई, दोन मिनिटांचं काम आहे गं."

"तेवढ्यात कुणी पाय मोडलेला आला म्हणजे? तुझे दोन्ही धड आहेत ना? मग चाल की जरा!"

डेलने मुकाट्याने मला काढलं. मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता.

शेवटचं दवाखान्यात जाताना बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मी गेले की ही परत करून टाक. विसरशील हं, विसराळू आहेस." डेल म्हणाला, "काहीतरी बोलू नकोस. करीन मी." हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

बाई मागल्या वर्षी सप्टेंबरात वारल्या. डेलने मला गाडीच्या खणात ठेवलं. परत करायचं त्याच्या मनात खरंच होतं. दोनदा कचेरीपर्यंत गेलाही. एकदा कचेरी बंद होती आणि एकदा रांग मोठी होती.

मग नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या दुकानांत लागतो तो मोठा सेल आला. घरातला टीव्ही चांगला चालत होता, पण डेलच्या बायकोला, शेरिलला, भिंतभर टीव्ही हवा होता. दुकानासमोर गाडी लावायला जागा नाही. तीन चकरा झाल्या.

"खण उघड ना," शेरिल म्हणाली.

"नको गं. आईची आहे ती."

"आईंना काय कळणारे आता? टीव्ही संपतील तिकडे!"

डेलने खण उघडला. आणि माझा गुन्हा इथून सुरू होतो, कारण मला आनंद झाला. दोन महिने मी जुन्या पावत्यांखाली अंधारात पडून होते. उजेडात लटकायला मिळालं आणि मी बाईंना विसरले.

त्यानंतर सगळं अंगवळणी पडलं. दर शनिवारी खरेदी. गॅरेजमध्ये खोकी इतकी साठली की गाडी बाहेर बर्फात राहायला लागली. मग सामान ठेवायला गावाबाहेर एक खोली भाड्याने घेतली, आणि पुन्हा खरेदी. गाडीतून उतरताना शेरिल हळूच म्हणायची, "जरा लंगड तरी, लोक बघतायत." मग डेल दारापर्यंत लंगडायचा आणि आत गेला की तरातरा चालायला लागायचा. पहिल्यांदा दोघं खूप हसली. पुढे हसणं थांबलं, लंगडणं राहिलं.

काल यंदाच्या नाताळाआधीचा शनिवार होता. घेणार काय, तर कॉफीचं यंत्र, घरात दोन असताना तिसरं. राखीव जागांपैकी शेवटची आम्ही पटकावली. डेल उतरून लंगडायला लागला, तोच मागे एक रुंद गाडी थांबली, चाकांची खुर्ची उतरवायला बाजूने फळी निघते तसली. काच खाली झाली.

"काय रे डेल, पाय मुरगळला की काय?"

तो व्हर्जिल होता. शाळेची बस चालवायचा, आर्डिसबाईंचा जुना दोस्त. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आल्यावर फ्लोरिडात लेकीकडे राहायला गेला होता. त्याला बाईंचं काहीच कळलेलं नव्हतं.

डेल ताठ उभा राहिला. "व्हर्जिल! तुम्ही कधी आलात?"

"कालच. ही आर्डिसची पाटी ना? कशी आहे ती?"

डेलने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरी आहे. आत गेलीय."

मी तिथेच लटकत होते. माझ्यावर नंबर बाईंचाच होता. डेलच्या खोट्याला पुरावा मीच होते.

"अरे वा! मग भेटूनच जातो!" म्हणत व्हर्जिलने लांब, अगदी टोकाला गाडी लावली आणि बर्फातून आपल्या खुर्चीची चाकं हाताने ढकलत आमच्या गाडीपाशी आला. डेल आणि शेरिल तोवर आत सटकली होती. म्हातारा वाट बघत बसला. अर्धा तास झाला. दुकानाच्या काचेमागे, नाताळच्या झाडाआड, खोकं छातीशी धरून उभा असलेला डेल मला दिसत होता. व्हर्जिलला तो दिसला नाही. त्याने हातमोजा काढला आणि आर्डिसबाई बसायच्या त्या बाजूच्या काचेवरचा बर्फ उघड्या हाताने पुसला. सगळी काच स्वच्छ केली. मग काचेवरच्या वायपरखाली चिठ्ठी खोचून निघून गेला.

डेलने ती गाडीत वाचली. "आर्डिस, चुकामूक झाली. उद्या चर्च सुटल्यावर घरीच येतो."

"फोन करून सांग, आई झोपल्यात म्हणून," शेरिल म्हणाली. पण बसली मात्र आईंची जागा सोडून मागच्या सीटवर.

आज रविवार. मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडलेय, नव्या यंत्राच्या खोक्याशेजारी. खोकं अजून उघडलेलं नाही. डेल समोर बसलाय. फोन त्याने केलेला नाही. माझं बोलणं त्याला ऐकू जात नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. डेल, ऊठ. मला हातात घे आणि दार उघड. आई गेली म्हणून सांग त्याला. म्हातारा रडेल, रडू दे. तूही रड. वर्षभर आईला दाराजवळच्या जागेसाठी जिवंत ठेवलंस, तिच्यासाठी रडायचं राहूनच गेलंय.